शिकवण्याची आखणी करणारी माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहार, बचत किंवा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असा विषय आपल्याकडे बहुधा असतो. आजच्या विषयाचे नाव ऐकून मात्र काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे शैक्षणिक तंत्रज्ञान. आणि त्यातही यंत्रांपेक्षा, हा विषय पदवीनंतरच्या वर्गांना शिकवणारी, तो अभ्यासक्रम चालवणारी माणसे. तुम्ही म्हणाल, मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपला या माणसांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या पैशाचा व आपल्या मुलांचा आहे.

आपल्या अभ्यासिकेसाठी मुंबईच्या चाकरमानी मंडळींनी देणगी दिली आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या पैशांतून भिंतीवर एक मोठा पडदा लावावा आणि मुलांसाठी टॅब घ्यावेत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. पुढच्या सभेत तिचा निकाल लागेल. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. परंतु पैसा एकदाच येतो. म्हणून तो खर्चण्यापूर्वी, या वस्तूंतून मुले कशी शिकतात याचाच ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्यांचे म्हणणे काय आहे ते आपण ऐकावे, एवढाच आजच्या बोलण्याचा उद्देश आहे.

प्रथम हा विषय म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे शाळेत संगणक बसवणे. वास्तविक ते काम वायरमनचे आहे. या विषयाचा गाभा निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्या चुलीपाशी गेले तरी पुरे. नव्या सुनेला घावने घालायला शिकवायचे असले, तर सासूबाई काय करतात? दहा घावने स्वतः भराभर घालून दाखवतात आणि म्हणतात, "बघ, इतके सोपे आहे." सून बघते. मग तिची पाळी येते, आणि पहिले घावन तव्याला चिकटते. सासूबाईंनी दाखवले ते खोटे नव्हते, आणि सूनही मंद नव्हती. मग अडले कुठे? तवा किती तापला म्हणजे पीठ ओतायचे, ते सासूबाईंच्या हाताला ठाऊक होते. त्यांना ते इतके सवयीचे झाले होते की सांगायचे सुचलेच नाही. जी आधीच शिकलेली असते तिला, नवी कुठे अडेल ते दिसत नाही. ते अडण्याचे ठिकाण आधी शोधून काढणे, त्याप्रमाणे धडा रचणे, आणि रचलेला धडा खरोखर लागू पडला की नाही ते तपासणे, याला अध्ययनाची आखणी म्हणतात. पडदा, चित्रफीत, संगणक ही त्यानंतर येणारी साधने होत.

आपल्या दशावताराचेच पाहा. त्यात बोलायचे संवाद कोणी लिहून देत नाही. तरीही रात्रभराचा खेळ उभा राहतो, कारण आख्यान कोणते, कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग यायचा, हे सगळे नटांनी आधी ठरवलेले असते. आखणी पक्की असली तर शब्द आपोआप सापडतात. उलट नुसता झगमगीत पोशाख आणि पेट्रोमॅक्स आणून ठेवले, तर खेळ उभा राहत नाही.

आता ही माणसे कोण, ते सांगते. त्यांची परंपरा आपल्या कोकणाला परकी नाही. दापोलीजवळच्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे, यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्या काळी उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजीतून, आणि अभ्यासक्रम मुलांसाठी ठरवलेला. अण्णांनी उलटीकडून विचार केला. शिकणारी कोण आहे, तिची भाषा कोणती, तिचा दिवस कसा जातो, शिकून तिला काय करता यावे, हे प्रश्न त्यांनी आधी घेतले. म्हणून शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवली, इंग्रजी हा एक विषय ठेवला, आणि आरोग्य व गृहव्यवस्था यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. मुलींना निराळा अभ्यासक्रम असावा की नाही याबद्दल त्या काळीही वाद होता आणि आजही होऊ शकेल. पण शिकणारीपासून आरंभ करायचा, ही त्यांची रीत मोलाची होती. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. याच विद्यापीठाच्या जुहू येथील आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पदवीधर मुली तेथे हा विषय पुढे शिकतात. डॉ. जयश्री शिंदे यांच्यासारख्या मराठी प्राध्यापिकेने या विभागाचे प्रमुखपद सांभाळले आहे, हे मागे उभ्या असलेल्या मुलींनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

दुसरी परंपरा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालशिक्षणाची परदेशी साधने तेव्हा महाग होती. या दोघींनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा त्या पाड्यावर मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून रूढ झाला. विशेष हे की त्यांनी मुलांना शिकवले तसेच शिकवणाऱ्यांनाही शिकवले. तंत्रज्ञान हा शब्द त्यांनी वापरला नसेल. पण उपलब्ध वस्तूंतून शिकणाऱ्यासाठी नेमके साधन घडवणे हे तंत्रज्ञान नव्हे तर काय?

तिसरे ठिकाण मुंबईची आय.आय.टी. तेथे जानेवारी २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानातील डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत दोन नावे पुढे येतात, प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती. अय्यर मूळचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. सहानाबाईंची डॉक्टरेट पदार्थविज्ञानातील. दोघेही आपापल्या विषयात मुरलेले. पण विषय येणे निराळे आणि तो दुसऱ्याला येण्याजोगा करणे निराळे, हे ओळखून त्यांनी दुसऱ्या कामाला वाहून घेतले. अय्यरांनी सहकाऱ्यांसह शाळकरी मुलांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' नावाची पुस्तकमाला तयार केली, तीतही यंत्रांची बटणे पाठ करून घेण्यापेक्षा पायरीपायरीने विचार कसा करावा यावर भर आहे.

या मंडळींच्या कामाची रीत कशी असते, त्याचा एक दाखला देते. आय.आय.टी.त पहिल्या वर्षाच्या संगणकाच्या तासाला शेकडो मुले एका सभागृहात बसतात. एवढ्या गर्दीत पुढचे दहा ऐकतात आणि मागचे डुलक्या काढतात, हा सगळीकडचा अनुभव. अमेरिकेतील फ्रँक लायमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ साली एक युक्ती मांडली होती. शिक्षकाने प्रश्न घालायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर लिहायचे. मग शेजाऱ्याशी बोलून दोघांची उत्तरे ताडून पाहायची. आणि शेवटी साऱ्या वर्गापुढे मांडायचे. ही युक्ती अय्यरांच्या वर्गात वापरली गेली. इथवर कोणीही हौशी शिक्षक जाईल. पण पुढे या मंडळींनी काय केले पाहा. संशोधक विद्यार्थी वर्गात वह्या घेऊन बसले आणि कोणता मुलगा कोणत्या वेळी काय करीत आहे याची नोंद त्यांनी ठेवली. लिहितो आहे, शेजाऱ्याशी विषयाचे बोलतो आहे, की खिडकीबाहेर पाहतो आहे? २०१३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, या युक्तीच्या वेळी सरासरी ८३ टक्के मुले कामात गुंतलेली होती. हिला लागले काय? एक चांगला प्रश्न, कागद, पेन्सिल आणि शेजारी! देशातील नावाजलेल्या तंत्रशाळेत, संगणकाच्या तासाला, शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या जाणकारांना जे साधन उपयोगी पडले ते हे. यातील खरी मेख मोजण्यात आहे. 'मुलांना आवडले' एवढ्यावर ते थांबले नाहीत.

याच मंडळींनी पुढे हजारो महाविद्यालयीन शिक्षकांसाठी संगणकावरून अभ्यासवर्ग चालवले. त्यांची रचना त्यांनी २०१८ साली लिहून प्रसिद्ध केली आहे. तिची चार अंगे आहेत. पहिले अंग असे की, धड्याची चित्रफीत सलग चालत नाही. मधे ती थांबते, प्रश्न विचारते, आणि उत्तर लिहा मगच पुढे चला असे सांगते. दुसरे अंग, जे ऐकले ते लगेच करून पाहण्याचे. आणि चुकले तर का चुकले ते तिथल्या तिथे कळण्याचे. तिसरे, ज्याला ज्यात अधिक रस त्याने त्या वाटेने पुढे जाण्याचे. चौथे, शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्याचे. आता मनाशी तुलना करा. आपली मुले मोबाईलवर 'अभ्यासाचे' म्हणून जे पाहतात, त्यात या चारांपैकी किती अंगे असतात? तासभर एक गृहस्थ बोलत असतात आणि मूल पाहत असते. दहा घावने घालून दाखवणाऱ्या सासूबाईंपेक्षा त्यात निराळे ते काय?

त्याच संस्थेतील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा एक उपक्रम उभा केला. संगणकाची एकेक विद्या शिकवणाऱ्या सुमारे दहा-दहा मिनिटांच्या फिती, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. फीत पडद्याच्या एका बाजूला चालवायची आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करीत जायचे, अशी योजना. मला त्यातील एक नियम फार आवडला. धड्याची संहिता तयार झाली की ती त्या विषयातल्या नवशिक्या माणसाला देतात. त्याने ती वाचून काम करून पाहायचे. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त करायची, आणि मगच ध्वनिमुद्रण करायचे. म्हणजे तिथे पंडिताच्या शेराइतकाच अडाण्याच्या अडखळण्याला मान आहे! आपल्यापैकी कितीजणी बँकेच्या यंत्रापुढे किंवा मोबाईलपुढे "माका ह्या जमाचा नाय" म्हणून मागे सरतात. वस्तू घडवणाऱ्याने अशा एकीला आधी बोलावून घेतले असते, तर ती वेळ आली नसती. दोष बाईचा नाही, आखणीचा आहे, ही गोष्ट मनात ठसवून घ्या.

मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रा. पद्मा सारंगपाणी यांच्या पुढाकाराने, अमेरिकेतील एम.आय.टी. आणि टाटा ट्रस्ट यांच्या साह्याने, २०१५ पासून राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण येथील सरकारी शाळांसाठी असेच काम केले. तेथे संगणकावर मुलांनी मिळून काम करावे, चुकांतून शिकावे, आणि खऱ्या जगण्यातले प्रश्न घ्यावेत, ही तीन सूत्रे धरली होती. युनेस्कोने २०१७ सालचा आपला एक पुरस्कार या उपक्रमाला दिला.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, ही सारी मोठ्या शहरातली आणि मोठ्या संस्थांतली गोष्ट. तर २०२० सालचे दिवस आठवा. शाळा बंद पडल्या, आणि शिक्षण मोबाईलवर आले. आपल्याच जिल्ह्यात कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला घरी रेंज मिळेना म्हणून डोंगरावर झोपडी बांधून, पावसापाण्यात तिथे बसून अभ्यास करावा लागला. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण जिद्दीचे कौतुक करताना एक प्रश्न राहून गेला. ज्यांनी ते शिक्षण मोबाईलवर आणले, त्यांनी शिकणारी कुठे बसते याचा विचार केला होता काय?

त्याच वर्षी, त्याच संकटात, दुसऱ्या काही माणसांनी तो विचार केला. आपल्या घरोघरी ज्यांचा एम.एस.सी.आय.टी.चा अभ्यासक्रम पोचला आहे त्या एम.के.सी.एल.च्या परिवाराने, विवेक सावंत यांच्या कल्पनेतून, 'टिलीमिली' ही मालिका तयार केली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ती जुलै २०२० पासून लागली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मिळून ४८० भाग. इंटरनेट नको, नवा मोबाईल नको. घरातला जुना दूरदर्शन संच पुरे. शिवाय पडद्यावर फळा आणि गुरुजी दाखवण्याऐवजी, घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन आईबाप, भावंडे यांच्यासह मुलांनी करायचे उद्योग त्यात होते. नवे यंत्र सोडून जुने निवडले, कारण शिकणारा कुठे आहे ते आधी पाहिले. आखणी करणारा माणूस असला म्हणजे असा फरक पडतो.

यंत्र आणि आखणी यांचे नाते काय, याबद्दल या शास्त्रात एक जुना वाद आहे. तो आपल्याला उपयोगी आहे म्हणून सांगते. अमेरिकेतील रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली असे मांडले की, शिकवण्याचे माध्यम हे किराणा आणणाऱ्या गाडीसारखे आहे. गाडी बदलल्याने खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही, ते गाडीतल्या मालावर ठरते. आपल्या भाषेत सांगायचे तर सुरमई टेम्पोतून आली काय आणि डोक्यावरच्या टोपलीतून आली काय, कालवणाची चव त्यावर ठरत नाही. पेरू देशाचा अनुभव याला जुळणारा आहे. तेथील सरकारने शाळकरी मुलांना लाखोंच्या संख्येने लहान संगणक वाटले. खेड्यांतील ३१९ शाळांची तपासणी होऊन २०१२ साली अहवाल आला, तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसून आले नाही.

तथापि दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. रॉबर्ट कोझ्मा यांनी क्लार्क यांना हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, काही साधनांच्या अंगी असे गुण असतात की काही गोष्टी शिकायला त्यांची खास मदत होते. हेही खरे आहे. आपल्या मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या पाण्याखाली प्रवाळ आहे, रंगीबेरंगी मासे आहेत. किनाऱ्यावर जन्म गेला तरी आपल्यापैकी किती बायकांनी ते पाहिले आहे? ते मुलांना दाखवायचे तर पडदाच हवा. तिथे फळा आणि खडू कामाचा नाही. म्हणून मी पडद्याच्या विरुद्ध नाही. पडदा कशासाठी, हे ठरण्याआधी पडदा घेण्याच्या विरुद्ध आहे.

या माणसांचे सगळे गोड मानून घ्यावे असेही नाही. त्यांचे पुष्कळसे लेखन इंग्रजीत असते. जी युक्ती तरुण अभियंत्यांच्या वर्गात चालली ती आपल्या जिल्हा परिषदेच्या, एकाच खोलीत तीन-चार इयत्ता बसणाऱ्या शाळेत तशीच चालेल, असे धरून चालता येणार नाही. ती इथे करूनच पाहावी लागेल. आणि अशी केंद्रे टिकतीलच याचीही हमी नसते. मराठीतून शैक्षणिक चित्रफिती करण्यासाठी पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी निघाली होती. २०१७ साली ती बंद करण्यात आली. इमारत, यंत्रे, कॅमेरे पुन्हा उभे करता येतात. मराठी मुलाला विषय कसा सांगावा हे वर्षानुवर्षे शिकलेली माणसे पांगली म्हणजे ती पुन्हा गोळा करणे अवघड असते. एरवी ही आखणी दुसरेच कोणी करतील, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. आणि आपल्या मुलांना ती तयार कपड्यासारखी घालावी लागेल, मग बाह्या लांब होवोत की आखूड.

भगिनींनो, आता आपल्या अभ्यासिकेकडे येते. या मंडळींकडून चार प्रश्न उसने घेऊन मी आपल्यापुढे ठेवते. कोणतीही वस्तू घेण्याआधी ते विचारावेत. पहिला, शिकणार कोण? चौथीतला मुलगा, दहावीची मुलगी, की पासबुक वाचू पाहणाऱ्या आपल्या काकू? दुसरा, शिकून त्यांना काय करता येईल, जे आज येत नाही? 'ज्ञान वाढेल' हे उत्तर चालणार नाही. 'काकू स्वतः पावती वाचतील' हे चालेल. तिसरा, त्या कुठे अडतात? हे आपण घरी बसून ठरवायचे नाही, त्यांच्याशेजारी बसून पाहायचे. आणि चौथा, त्या शिकल्या हे आपल्याला कळणार कसे?

माझी सूचना अशी. देणगीला आताच हात लावू नये. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, संध्याकाळी घरातल्या माणसांना थोडी सवड असते. तेव्हा सहा आठवडे एखादा पडदा उसना आणावा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रयोग करावा. आपल्यातल्या दोन मोठ्या मुलींनी वही घेऊन बाजूला बसावे आणि कोण कुठे अडले, कोणी प्रश्न विचारला, कोण कंटाळून उठले, याची नोंद ठेवावी. शेवटी ती वही सभेपुढे वाचावी, आणि मग काय विकत घ्यायचे ते ठरवावे. कदाचित पडदा लागेल. कदाचित टॅबऐवजी पाट्या, नकाशे आणि संध्याकाळी मुलांजवळ बसणारी एक बाई लागेल. वही सांगेल ते मान्य करावे.

दुसरी सूचना जरा दूरची आहे. आपल्याकडे मुलगी पदवीधर झाली की बी.एड., नर्सिंग किंवा बँकेची परीक्षा, एवढ्याच वाटा घरच्यांना दिसतात. त्या वाटा चांगल्याच आहेत. पण ज्या मुलीला शिकवायची हौस आहे, चित्र काढता येते, मराठी चांगले लिहिता येते, आणि दुसरा कुठे अडला हे पाहण्याइतका धीर जिच्यापाशी आहे, तिच्यासाठी ही आणखी एक वाट आहे. असे शिकून आलेल्या मुलींना शाळांत, विद्यापीठांत आणि संगणकावरचे धडे तयार करणाऱ्या कंपन्यांतही काम असते. देणगीतली थोडी रक्कम मंडळाने बाजूला ठेवावी. एखादी मुलगी या शिक्षणाला निघाली तर तिच्या पहिल्या वर्षाच्या फीला हातभार लावावा. परतफेड पैशांत मागू नये. दर सुट्टीत गावी आली की आठ दिवस अभ्यासिकेत बसायचे आणि आपल्या मुलांसाठी आपल्या बोलीत धडे रचायचे, एवढीच अट घालावी.

"मुलगी मुंबईला गेली की परत कशाला येते?" असे कोणी विचारील. काही येणार नाहीत. पण हे काम असे आहे की ते गावी बसूनही पुष्कळसे करता येते. आणि मालवणचे मूल कुठे अडते हे मालवणात वाढलेलीला जितके कळेल तितके दुसऱ्या कोणाला कळणार? समुद्र, भरती-ओहोटी, रापणीची वाटणी, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब हे सारे गणित आणि विज्ञानच आहे. ते पुस्तकात यायचे तर लिहिणारी इथली पाहिजे.

अण्णासाहेब कर्व्यांनी विद्यापीठ काढले तेव्हा हातात साधने थोडी होती. शिकणारी कोण हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. ताराबाई-अनुताईंच्या हातात शंख-शिंपले होते. आपल्या हातात आज त्यांच्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. पुढच्या सभेत ठराव मांडला जाईल तेव्हा हात वर करण्यापूर्वी प्रत्येकीने ते चार प्रश्न एकदा मनात म्हणावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर ते उभे राहून मोठ्याने विचारावेत. सभेत प्रश्न विचारणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि संकोच बाजूला ठेवून तो बजावण्यासाठीच आपल्या वडीलधाऱ्या बायकांनी हे मंडळ काढले.